इटलीतलं अब्रुत्सो: डोंगरातली इतिहासस्थळं आणि संग्रहालयं बघायची कशी

रोमच्या तिबुर्तिना स्थानकाजवळून सुटणारी बस पावणेदोन तासांच्या आसपास लाक्विलाला पोचवते. मुंबईहून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो. तरी रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस या ठरलेल्या फेरीत अब्रुत्सोचं नाव सापडायचं नाही. आपेनिन पर्वताची सगळ्यांत उंच शिखरं याच प्रांतात आहेत. ग्रान सास्सोचं मुख्य शिखर, कोर्नो ग्रांदे, २,९१२ मीटरचं. त्याच्या आजूबाजूला रोमन शहरं, मध्ययुगीन गढ्या, मठ, धनगरांच्या वाटा आणि दुसऱ्या महायुद्धाची रणभूमी पसरलेली आहे. त्या रणभूमीत मराठा पलटणही होती. तिकडे शेवटी जाऊ.

इथे फिरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, नकाशावर शेजारी दिसणारी दोन गावं प्रत्यक्षात शेजारी नसतात, कारण मध्ये डोंगर असतो. दुसरी, इथल्या भूकंपांनी वस्तूंच्या जागा बदलल्या आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात संग्रहालयाचा जो पत्ता आहे तिथे आज कुलूप असू शकतं, आणि ती मूर्ती भलत्याच इमारतीत मांडलेली असू शकते. खालचा सगळा बेत या दोन गोष्टी धरून आखला आहे.

आधी खोरं ठरवा, मग गाव

अब्रुत्सोचे आपल्या कामापुरते चार तुकडे करा. उत्तरेला लाक्विलाचं खोरं आणि त्यावर ग्रान सास्सो. पश्चिमेला फुचिनोचं सपाट मैदान, म्हणजे आवेत्सानो आणि चेलानोचा भाग. मध्ये सुलमोनाचं खोरं, त्याच्या डोक्यावर मोरोने आणि मायेल्ला हे डोंगर. पूर्वेला किएती, पेस्कारा, ओर्तोना ही समुद्राकडची बाजू.

सात रात्री असतील तर तीन लाक्विलात, दोन सुलमोनात आणि दोन पेस्कारा किंवा किएतीत काढा. पाचच रात्री असतील तर पश्चिमेचा तुकडा वाटेत उरका. रोज हॉटेल बदलायचा मोह टाळा. चढउतारांच्या, दगडी फरशीच्या गल्ल्यांतून चाकांची बॅग ओढत नेणं हा स्वतंत्र व्यायाम आहे.

गाडी घ्यायची की नाही? शहरांपुरतं बस-रेल्वेवर भागतं. रोमहून आवेत्सानो, सुलमोना, किएती आणि पेस्कारा ही सगळी एकाच रेल्वेमार्गावर आहेत. रोम ते पेस्कारा पूर्ण प्रवास साडेतीन-चार तासांचा, आणि डोंगर पोखरत जाणारी ती गाडी स्वतःच बघण्यासारखी आहे. लाक्विला मात्र या मार्गावर नाही. तिथून सुलमोनाला वेगळी छोटी रेल्वे आहे. डोंगरातल्या गढ्या, बोमिनाकोचं प्रार्थनागृह आणि आल्बा फुचेन्सचे रोमन अवशेष यांच्यासाठी दोन-तीन दिवस गाडी हवीच. खेड्यांत जाणाऱ्या बस शाळेच्या वेळा बघून सुटतात. सकाळी एक, दुपारी एक, आणि रविवारी कदाचित एकही नाही.

गाडी घेणार असाल तर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्यापूर्वी काढून घ्या. ते एक वर्ष चालतं आणि मूळ लायसन्ससोबत बाळगावं लागतं. इटलीत भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा हाताने गियर टाकायच्या असतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा. जुन्या गावठाणांच्या तोंडाशी ‘झेड टी एल’ अशी अक्षरं आणि लाल वर्तुळाची पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी भारतात घरी येते. बाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावून चालत जाणं कधीही स्वस्त. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथल्या बऱ्याच रस्त्यांवर बर्फाचे टायर किंवा चाकाच्या साखळ्या सक्तीच्या असतात.

व्हिसा, मोसम आणि वार

व्हिसा नेहमीचा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. पंधरा दिवस ही शेवटची मुदत आहे, पण तिच्यावर विसंबू नका, उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळच लवकर मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुक्काम तीन गावांत असेल तर तिन्ही बुकिंग जोडा आणि कुठल्या दिवशी कुठे याचा साधा तक्ता द्या.

मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे दिवस उत्तम. ऑगस्टमध्ये १५ तारखेच्या सणाच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर असते. मात्र लाक्विलात २८ आणि २९ ऑगस्टला पाचवा चेलेस्तिनो या मध्ययुगीन पोपच्या क्षमादानाचा उत्सव असतो. युनेस्कोने २०१९मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तो बघायचा असेल तर खोली फार आधी धरून ठेवा. हिवाळ्यात संग्रहालयं उघडी असतात, पण वरचे घाट बंद होतात.

वारांचं गणित करूनच निघा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार प्रवासात घालवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट असतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना एरवीही तिकीट नसतं. चर्च दुपारी एक-दीडला बंद होऊन तीन-चारला पुन्हा उघडतात, दुकानांचंही तेच. म्हणून सकाळी चर्च, दुपारी संग्रहालय आणि संध्याकाळी चौक हा क्रम सोयीचा पडतो.

तीन इटालियन शब्द पाठ करून जा. ‘क्यूसो’ म्हणजे बंद. ‘क्यूसो पेर रेस्ताउरो’ म्हणजे दुरुस्तीसाठी बंद, आणि इथे ही पाटी वारंवार दिसते. ‘ला क्यावे’ म्हणजे किल्ली. तिची गरज बोमिनाकोत पडेल.

लाक्विला: दीड दिवस, पायी

६ एप्रिल २००९च्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी या शहराखालची जमीन हलली. ३०९ माणसं गेली आणि जुनं शहर कित्येक वर्षं ओस पडलं. आज बहुतेक वाडे पुन्हा उभे राहिले आहेत, काहींभोवती अजून लोखंडी परांच्या आणि क्रेन आहेत. त्या परांच्या फोटोत येऊ नयेत म्हणून धडपडू नका. शहर कसं बांधलं होतं आणि आता कसं बांधताहेत हे एकाच नजरेत दिसणारी ठिकाणं जगात फार नाहीत. २०२६साठी इटलीच्या सांस्कृतिक राजधानीचा मान या शहराला मिळाला आहे, त्यामुळे डागडुजीला वेग आहे आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा बदलत असतात. आदल्या दिवशी संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘ओरारियो’, म्हणजे वेळापत्रक, बघून घ्या.

बसने आलात तर बस-स्थानक कोल्लेमाज्जोच्या बाजूला आहे, तिथूनच सुरुवात करा. रेल्वेने आलात तर स्टेशन खाली, ९९ तोट्यांच्या कारंज्याजवळ आहे. मग उलट क्रमाने चढत या.

कोल्लेमाज्जोच्या सांता मारिया बाझिलिकासमोर, म्हणजे मानाच्या मोठ्या चर्चसमोर, मोठं गवताळ मैदान आहे. दर्शनी भिंत गुलाबी आणि पांढऱ्या दगडांच्या नक्षीची, गालिचा उभा टांगल्यासारखी. मोरोने डोंगरात एकांतात राहणारा पिएत्रो हा वृद्ध जोगी १२९४मध्ये ध्यानीमनी नसताना पोप म्हणून निवडला गेला आणि २९ ऑगस्टला याच चर्चमध्ये त्याच्या डोक्यावर मुकुट चढला. पाचवा चेलेस्तिनो हे नाव त्याने घेतलं. पोपपदाच्या राजकारणात त्याचा जीव रमला नाही. १३ डिसेंबरला, म्हणजे साडेतीन महिन्यांत, त्याने पद सोडलं. पुढच्या पोपने त्याला मोकळं फिरू दिलं नाही आणि कोंडलेल्या अवस्थेतच तो १२९६मध्ये गेला. त्याची समाधी आत आहे. भूकंपानंतर काही आठवड्यांनी सोळावे बेनेडिक्ट इथे आले आणि त्यांनी आपलं पोपपदाचं उपरणं या समाधीवर ठेवलं. २०१३मध्ये त्यांनीही पद सोडलं, तेव्हा लोकांना त्या उपरण्याची आठवण झाली.

भूकंपात या चर्चच्या मधल्या भागाचं छप्पर कोसळलं होतं. २०१७च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं. आत गेल्यावर खांबांकडे नीट बघा, जुना दगड आणि नवा दगड वेगळा ओळखू येतो. डाव्या, उत्तरेकडच्या भिंतीत पवित्र दार आहे. ते एरवी बंद असतं आणि फक्त २८ ऑगस्टच्या संध्याकाळपासून एक दिवस उघडतं. चेलेस्तिनोने फर्मान काढलं होतं की त्या दिवशी मनापासून पश्चात्ताप करून जो आत येईल त्याला पापांची माफी, गरीब-श्रीमंत न बघता आणि एक पैसाही न घेता.

तिथून वर शहरात जा. सान बेर्नार्दिनोच्या बाझिलिकात सिएनाच्या संत बेर्नार्दिनोची समाधी आहे. तो १४४४मध्ये याच शहरात वारला. संगमरवरी समाधी सुंदर आहे, पण मान वर करून लाकडी कोरीव, सोनेरी छत पाहायला विसरू नका. नंतर आर्दिंगेल्ली वाडा. १७०३च्या भूकंपानंतर बांधलेला हा बरोक वाडा २००९मध्ये पुन्हा मोडला, सावरला गेला आणि २०२१मध्ये तिथे ‘माक्सी’ या रोमच्या समकालीन कलासंग्रहालयाची शाखा आली. समकालीन कलेची आवड नसेल तर प्रदर्शन सोडा, आतला चौक आणि जिना तेवढा बघा.

शहराच्या ईशान्य टोकाला स्पॅनिश किल्ला. लाक्विलाने बंड केल्यावर नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने १५३४पासून तो बांधायला घेतला, आणि खर्च त्याच शहराकडून वसूल केला. बाहेरच्या शत्रूपेक्षा गावकऱ्यांवर नजर ठेवणं हा त्याचा उद्देश. चार टोकदार बुरूज, खोल खंदक आणि दारावर स्पेनच्या राजाचं गरुडचिन्ह. भुईकोट किल्ले पाहिलेल्या माणसाला या बांधणीत लगेच रस वाटेल. अब्रुत्सोचं राष्ट्रीय संग्रहालय भूकंपापर्यंत या किल्ल्यात होतं. नंतर त्यातल्या वस्तू खाली, ९९ तोट्यांच्या कारंज्यासमोरच्या जुन्या कत्तलखान्यात हलवल्या आणि २०१५मध्ये ते दालन सुरू झालं. त्यालाच ‘मुंदा’ म्हणतात. किल्ल्याची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालली आहे, तेव्हा कुठला भाग कुठे उघडा आहे हे आदल्या दिवशी विचाराच. १९५४मध्ये शेजारच्या स्कोप्पितोत मातीच्या खाणीत सापडलेला दक्षिणी मॅमथचा प्रचंड सांगाडा किल्ल्याच्या एका बुरुजात आहे. मुलं सोबत असतील तर त्याची वेळ मुद्दाम विचारून घ्या.

मुंदाच्या जुन्या कत्तलखान्यातलं दालन लहान आहे, दीड तासात होतं. तिथल्या लाकडी मेरीच्या मूर्ती सावकाश बघा. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या मूर्ती डोंगरातल्या छोट्या चर्चमधून आलेल्या, आणि चेहरे थेट शेतकरी बायकांचे. काही मूर्ती भूकंपाच्या ढिगाऱ्यातून काढून तुकडे जोडून उभ्या केल्या आहेत.

बाहेर आलात की समोर कारंजं. शिलालेखात १२७२ हे साल आहे. तीन भिंतींवर दगडी मुखवटे, माणसांचे, प्राण्यांचे, काही धड कशाचेच नाहीत, आणि त्यांच्या तोंडातून पाणी. ९९ वाड्यावस्त्यांनी एकत्र येऊन शहर वसवलं म्हणून ९९ तोट्या, असं लाक्विलाकर सांगतात. मोजायला गेलात तर मुखवटे ९३ भरतात, उरलेल्या सहा तोट्या बिनचेहऱ्याच्या आहेत. इथे बायका धुणं धुवायच्या. संध्याकाळी पाण्याच्या आवाजात अर्धा तास नुसतं बसायला यासारखी जागा नाही.

डोंगरावरच्या गढ्या: एक दिवस, गाडीने

हा दिवस स्वच्छ हवेचा धरा. ढग असतील तर किएतीच्या संग्रहालयाशी अदलाबदल करा, दाट धुक्यात रोक्का कालाशोला जाण्यात अर्थ नाही.

सकाळी आधी बोमिनाको. लाक्विलाहून सुलमोनाच्या रस्त्याला अर्ध्यापाऊण तासावरचं हे चिमुकलं खेडं. सान पेल्लेग्रिनो नावाची प्रार्थनागृहाची खोली बाहेरून गोदामासारखी दिसते. आत भिंती आणि छत पूर्ण रंगवलेलं. काम १२६३चं. ख्रिस्ताच्या आयुष्यातल्या प्रसंगांशेजारी बारा महिन्यांचं पंचांगही रंगवलं आहे. महिन्यांची चित्रं शोधत बसा, माझ्या मते सगळ्या प्रांतात एवढ्या लहान जागेत एवढं बघायला दुसरीकडे नाही. दार बहुधा बंद असतं. किल्ली गावातल्या राखणदाराकडे असते आणि फोन नंबर तिथेच लावलेला असतो. फोन करा, ‘ला क्यावे, पेर फाव्होरे’ म्हणा आणि थांबा. निघताना दानपेटीत काही टाका. फ्लॅश वापरू नका.

तिथून वर सांतो स्तेफानो दी सेस्सानियो. उंची सुमारे १,२५० मीटर. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हे गाव फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे होतं आणि कारण होतं लोकर. इथल्या मेंढ्यांची काळी, भरड लोकर साधूंच्या झग्यांना आणि सैनिकांच्या कपड्यांना जायची. हजारो मेंढ्या उन्हाळ्यात या कुरणांवर असत आणि थंडी पडली की दक्षिणेला पुल्या प्रांतापर्यंत उतरत. त्या धनगरवाटेला ‘त्रात्तुरो’ म्हणतात. लाक्विला ते फोज्जा हा सगळ्यांत मोठा त्रात्तुरो २४४ किलोमीटरचा आणि १११ मीटर रुंद. मेंढ्या चरत चरत जातात, त्यांना अरुंद वाट पुरत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही धनगराला सांगावं लागणार नाही. गावाचा गोल मेदिची बुरूज २००९मध्ये कोसळला होता, आता तो पुन्हा बांधला आहे.

दुपारी इथेच जेवा. इथली बारीक, काळपट मसूर प्रसिद्ध आहे. ती भिजवावी लागत नाही, आणि तिचं सूप मिळालं तर आठवडाभर पिझ्झा खाऊन कंटाळलेल्या जिभेला घरी आल्यासारखं वाटतं. शाकाहारी लोकांनी ‘सेंत्सा कार्ने’, मांसाशिवाय, एवढं सांगून थांबू नये. सूप कशाच्या पाण्यात शिजवलं आहे तेही विचारावं. ‘पाल्लोत्ते’ म्हणून जे गोळे येतात त्यात मांस नसतं, पण चीजबरोबर अंडं असतं. ‘आरोस्तिचिनी’ म्हणजे मेंढीच्या मांसाच्या काड्या. अब्रुत्सोतल्या माणसाला त्या आवडत नाहीत असं सांगितलंत तर तो काळजीने तुमच्याकडे बघेल.

रोक्का कालाशोची गढी सुमारे १,४६० मीटरवर. पांढऱ्या दगडाची, मध्ये चौकोनी बुरूज आणि चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. १७०३च्या भूकंपानंतर वरची वस्ती जवळजवळ रिकामी झाली. गाडी वरपर्यंत नेण्यावर मोसमाप्रमाणे बंधनं असतात, म्हणून खाली कालाशो गावात लावून चढायची तयारी ठेवा. आपल्या सह्याद्रीतल्या गडांच्या मानाने चढ किरकोळ आहे, वारा मात्र किरकोळ नाही. जूनमध्येही विंडचीटर हवा. गढीपासून थोडं खाली अष्टकोनी चर्च आहे. तिथून मागे वळून गढीचा आणि पुढे ग्रान सास्सोचा देखावा मिळतो.

वेळ उरला आणि रस्ता उघडा असेल तर काम्पो इम्पेरातोरेच्या पठारावर जा. फोंते चेरेतोहून केबलकारही २,१३० मीटरपर्यंत चढते. तिथल्या हॉटेलात १९४३च्या ऑगस्ट अखेरीपासून मुसोलिनीला नजरकैदेत ठेवलं होतं, आणि १२ सप्टेंबरला जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ग्लायडर उतरवून त्याला पळवून नेलं. इमारतीची डागडुजी चालू असू शकते. ती बाहेरून पाहिलीत तरी चालेल. एवढ्या उघड्या माळावर त्याला लपवला होता, हे जागेवर उभं राहिल्यावरच पटतं.

फुचिनो: नसलेलं तळं

लाक्विलाहून सुलमोनाला जाताना महामार्गाने पश्चिमेचा वळसा घ्या आणि आधी आल्बा फुचेन्सला उतरा. इसवीसनपूर्व ३०३मध्ये रोमनांनी इथे ६,००० लोकांची वसाहत केली. मागे २,४८६ मीटरचा व्हेलिनो, पुढे उतार. रस्त्याचे दगड, बाजारपेठ, स्नानगृह आणि डोंगरात खोदलेलं अँफिथिएटर असं सगळं दोन तासांत होतं. सावली नाही, दुकान नाही. टोपी आणि पाणी सोबत ठेवा. मॅसिडोनियाचा शेवटचा राजा पेर्सेउस याला हरवल्यावर रोमनांनी याच गावात कैदेत ठेवलं, तो इथेच मेला. वर टेकडीवरचं सान पिएत्रो चर्च अपोलोच्या मंदिरावर बांधलेलं आहे आणि मंदिराचे खांब आत अजून उभे आहेत.

आता खाली नजर टाका. पाटीसारखं सपाट मैदान आणि त्यात सरळ रेषांचे रस्ते, कालवे. तिथे एकोणिसाव्या शतकापर्यंत इटलीतल्या मोठ्या तळ्यांपैकी एक होतं. तळं कधी आटे, कधी गावं बुडवी. सम्राट क्लॉडियसने पहिल्या शतकात डोंगराखालून साडेपाच किलोमीटरचा बोगदा खणवला. रोमन चरित्रकार सुएतोनियस लिहितो की ३०,००० माणसं ११ वर्षं राबत होती. पुढे बोगदा बुजला आणि तळं परत आलं. शेवटी तोर्लोनिया या रोमच्या सरदार-सावकार घराण्याने १८७०च्या दशकात ते कायमचं रिकामं केलं, आणि जमीनही स्वतःच्या नावावर ठेवली.

त्या तळ्याच्या गाळातून निघालेल्या वस्तू चेलानोच्या किल्ल्यात आहेत. तळ्याच्या उपशाचं काम दाखवणारा रोमन कोरीव दगड त्यात आहे. रहाट फिरवणारे मजूर दिसतात का बघा. हा दगड आणि आल्बाहून दिसणारं मैदान एकाच दिवशी पाहिलं तरच दोन्हींचा अर्थ लागतो. किल्ला १३९२चा, पण १३ जानेवारी १९१५च्या आवेत्सानो भूकंपात मोडून पुन्हा जोडलेला. त्या भूकंपात सुमारे ३०,००० लोक मेले, म्हणून आवेत्सानो शहरात जुनं काही उरलेलं दिसत नाही. तिथे थांबायची गरज नाही.

सुलमोना

सुलमोना बुधवारी किंवा शनिवारी पाहा. गारिबाल्दी चौकात त्या दिवशी बाजार भरतो आणि चौकाच्या कडेने १२५६चा दगडी पाटकालवा कमानींवरून जातो. भाजी घेणारी माणसं त्या कमानींखालून ये-जा करत असतात.

कवी ओव्हिड इथला, जन्म इसवीसनपूर्व ४३चा. ‘सुलमो माझी जन्मभूमी’ या त्याच्या लॅटिन ओळीची आद्याक्षरं शहराच्या चिन्हावर आहेत. आनुन्त्सियाताच्या इमारतीची दर्शनी बाजू निरखून पाहा: एकाच भिंतीत तीन काळांची तीन दारं, तीन वेगळ्या शैलींची. आत शहराचं संग्रहालय आहे.

साखरेत घोळवलेले बदाम, म्हणजे ‘कोन्फेत्ती’, इथेच बनतात. रंगीत कोन्फेत्तींची फुलं करून दुकानांबाहेर मांडतात. पेलिनो कारखान्यातल्या संग्रहालयात जुनी यंत्रं आणि भांडी आहेत. चारोळ्यांवर आणि तिळावर काटेरी हलवा कसा फुलतो ते ज्यांनी घरी पाहिलंय, त्यांना प्रक्रिया लगेच कळेल.

अर्धा दिवस मोरोनेच्या पायथ्याला द्या. शहरापासून पाचेक किलोमीटरवर सांतो स्पिरितोचा प्रचंड मठ, वर हर्क्युलिसच्या रोमन देवस्थानाचे अवशेष, आणि त्याच्याही वर कड्याला चिकटलेली सांतोनोफ्रिओची गुंफा. तुम्ही पोप झालात, हा निरोप पिएत्रोला इथे मिळाला. दरड पडली की वाट बंद करतात, गावात विचारून मगच चढा. जवळच फोंते दामोरेची युद्धकैद्यांची छावणी, क्रमांक ७८. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीने शरणागती जाहीर केल्यावर शेकडो कैदी इथून निसटले आणि मायेल्ला ओलांडून दोस्तांच्या फौजांकडे गेले. गावकऱ्यांनी जीव धोक्यात घालून त्यांना लपवलं, खायला घातलं.

सुलमोनाहून दक्षिणेला एक पर्यटन रेल्वे जुने डबे जोडून निवडक दिवशी धावते. ती १,२६८ मीटरवरच्या रिव्हिसोंदोली-पेस्कोकोस्तान्त्सो स्टेशनवरून जाते. १८९७चा मार्ग आहे. तिकिटं आठवडे आधी संपतात.

किएती: योद्धा आणि हर्क्युलिस

अब्रुत्सोत एकच संग्रहालय बघणार असाल तर किएतीचं विला फ्रिजेर्यी. रेल्वे स्टेशन खाली सपाटीवर, गाव टेकडीवर. स्टेशनाबाहेरून शहर-बस वर जाते. तिकीट बसमध्ये नाही, कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानात किंवा बारमध्ये आधी घ्यावं लागतं, आणि चढल्यावर यंत्रात ठप्पा मारायचा. प्रादेशिक रेल्वेच्या कागदी तिकिटालाही फलाटावर ठप्पा लागतो. विसरलात तर तिकीट असूनही दंड.

१९३४मध्ये कापेस्त्रानोत द्राक्षाचे वेल लावायला जमीन खणताना एका शेतकऱ्याचं अवजार दगडाला लागलं. निघाला दोन मीटरहून उंच योद्धा, इसवीसनपूर्व सहाव्या शतकातला, रोम अजून लहान असतानाचा. डोक्यावर ताटाएवढी रुंद कड असलेलं शिरस्त्राण, छातीवर गोल तबक, हात पोटावर, मांड्या विलक्षण जाड. कडेच्या खांबावर दक्षिण पिचेनी, म्हणजे रोमनांच्या आधीच्या इथल्या लोकांच्या, लिपीत मजकूर आहे. त्याचं चित्र प्रांतभर वाइनच्या बाटल्यांपासून पाट्यांपर्यंत सगळीकडे दिसलेलं असतं, म्हणून त्याला शेवटी भेटा. याच इमारतीत आल्बा फुचेन्सचा बसलेला प्रचंड हर्क्युलिस आहे. आल्बाचे उघडे चौथरे आधी पाहून आलात तर तो कुठे बसत असेल याचा अंदाज येतो. वेळ असेल तर ला चिव्हितेल्ला हे गावातलं दुसरं पुरातत्त्व संग्रहालयही करा, नसेल तर राहू द्या.

ओर्तोना आणि सांग्रो

पेस्काराहून किनाऱ्याने दक्षिणेला ओर्तोना. इथल्या कॅथीड्रलमध्ये संत थॉमसच्या अस्थी आहेत. केरळात आणि मद्रासेत ज्याच्या नावाने इतकी चर्च आहेत तोच थॉमस. १२५८मध्ये ओर्तोनाच्या गलबतांनी त्या कीओस बेटावरून आणल्या. १९४३च्या डिसेंबरात, नाताळातच, कॅनडियन सैनिक आणि जर्मन छत्रीधारी यांच्यात या गल्ल्यांतून घराघरांत लढाई झाली. त्या लढाईचं छोटं संग्रहालय आहे, तासाभरात होतं.

त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरच्या अखेरीस, थोडं दक्षिणेला सांग्रो नदीवर जर्मनांची हिवाळी फळी फोडायची लढाई झाली. आठव्या हिंदी डिव्हिजनने पुराच्या पाण्यातून नदी ओलांडली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन या डिव्हिजनमध्ये होती. एक घोळ इथे टाळावा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव हे दोघं इटलीतच लढले, पण अब्रुत्सोत नव्हे. घाडगे जुलै १९४४मध्ये तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांची सूर्यघडीच्या रूपातली आठवण उंब्रियातल्या मोंतोनेत आहे. जाधवांची लढाई एप्रिल १९४५मध्ये उत्तरेला सेनियो नदीवर झाली.

सांग्रोची युद्धस्मशानभूमी तोरिनो दी सांग्रो गावाजवळ टेकडीवर आहे. किनारी रेल्वेवर फोसाचेसिया–तोरिनो दी सांग्रो हे स्टेशन आहे, पण तिथे टॅक्सी उभी मिळेल असं धरून चालू नका. पेस्काराहून गाडीने आलात तर वाटेत फोसाचेसियाचा सान जोव्हान्नी इन व्हेनेरे मठ येतो. त्याच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की समुद्र आणि नदीकडचा उतार एकदम दिसतो, लढाई कुठून कुठे सरकली तेही समजतं.

स्मशानभूमीत २,६१७ कबरी आहेत. आत वेगळं दहन-स्मारक आहे. धर्माप्रमाणे ज्यांना अग्नी दिला, ज्यांची कबर नाही, अशा ५००हून जास्त हिंदी सैनिकांची नावं त्यावर आहेत. अशी स्मारकं इटलीत तीनच, दुसरी फोर्ली आणि रिमिनीला. घरातलं, गावातलं कोणी इटलीत गेल्याचं ऐकलं असेल तर निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, कारण तेव्हाच्या इंग्रज कारकुनाने आडनाव कसं ऐकलं असेल सांगता येत नाही. सेवा क्रमांक, पलटण आणि स्मारकावरचा रकाना असं सगळं तिथे मिळतं. तो रकाना वहीत लिहून न्या, म्हणजे उन्हात शेकडो नावं वाचत फिरावं लागणार नाही. दारापाशी एका पेटीत नोंदवही असते. तीत आपलं आणि आपल्या गावाचं नाव मराठीत लिहिलं तरी चालतं.